हिपॅटायटिस बी: सिऱ्हॉसिसमध्ये विषाणूच्या डीएनएवर मेथिलेशन खरंच वाढतं, की आपण दुसराच डीएनए मोजतो?

अनुस्वार

हिपॅटायटिस बीच्या रुग्णांच्या यकृताच्या बायॉप्सीतून विषाणूच्या डीएनएवरचं मेथिलेशन (डीएनएतल्या सायटोसिन या अक्षरावर बसणारी मेथिल नावाची रासायनिक खूण) मोजायचा आराखडा करतेय. गट तीन आहेत: दीर्घकालीन हिपॅटायटिस, सिऱ्हॉसिस (यकृत तंतुमय, टणक होणं) आणि यकृताचा कर्करोग. कर्करोगात गाठ आणि गाठीशेजारचं यकृत वेगवेगळं घेणार. प्रत्येकाचा १० ते १५ मिलिग्रॅमचा तुकडा उणे ८०ला गोठवलेला आहे. रुग्ण बहुतेक जीनोटाइप (विषाणूचा उपप्रकार) ‘डी’चे, थोडे ‘ए’चे.

सध्या ठरवलंय ते असं. प्रोटिनेज के वापरून एकूण डीएनए काढायचा, त्यावर बायसल्फाइट किट चालवायचं (ते मेथिल नसलेल्या सायटोसिनचा युरॅसिल करतं, पीसीआरनंतर तो थायमिन म्हणून वाचला जातो), सीपीजी आयलंड (सायटोसिननंतर ग्वानिन अशा जोड्यांची दाटी असलेले पट्टे) २ आणि ३ साठी पीसीआर करायचा, क्लोनिंग करून दर नमुन्याचे दहा क्लोन सँगरने वाचायचे. नियंत्रण म्हणून मेथिलेशन नसलेला लॅम्डा डीएनए (जिवाणूंना लागणाऱ्या एका विषाणूचा) मिसळायचा.

आजार पुढे सरकतो तसं विषाणूच्या जीनोमवर मेथिलेशन वाढतं, असं २००९ पासून वाचनात येतं. माझ्या पद्धतीने तेच दिसलं तर ते खरं मानावं का? आणि हा आराखडा नक्की कुठे फसेल? बायॉप्सीचा तुकडा एकदा संपला की परत मिळणार नाही, म्हणून सुरुवात करण्याआधीच विचारतेय.

निळी पिपेट

सर्वात मोठी अडचण बायसल्फाइटच्या आधीच आहे. एकूण डीएनए काढलात की त्यात या विषाणूचे तीन वेगवेगळे डीएनए एकत्र येतात आणि तिघांचं मेथिलेशन मुळातच वेगळं असतं.

पहिला सीसीसीडीएनए. पेशीच्या केंद्रकातलं पूर्ण बंद, पीळ पडलेलं वर्तुळ. त्यावर हिस्टोन (डीएनए गुंडाळणारी प्रथिनं) बसलेले असतात आणि विषाणूचे सगळ्या प्रकारचे आरएनए इथून निघू शकतात. तुम्हाला मोजायचाय तो हा.

दुसरा आरसीडीएनए, म्हणजे कॅप्सिडमधला (विषाणूच्या प्रथिन कवचातला) अर्धवट दुहेरी डीएनए. हा आरएनएवरून उलट लिहून तयार होतो, त्यामुळे सीसीसीडीएनएवरचं मेथिलेशन त्याच्यात उतरतच नाही. ज्याच्या यकृतात विषाणू जोरात वाढतोय त्याच्याकडे हा सीसीसीडीएनएच्या कितीतरी पट असतो, आणि तुमची सरासरी शून्याकडे ओढतो.

तिसरा रुग्णाच्या गुणसूत्रात घुसलेला, म्हणजे इंटिग्रेटेड डीएनए. हा यजमानाच्या जीनोमचाच भाग झालेला असतो आणि आजूबाजूच्या डीएनएवर मेथिलेशन असेल तर याच्यावरही चढतं. गाठीत एकाच पेशीची वंशावळ फोफावलेली असते, म्हणून एकच इंटिग्रेशन लाखो पेशींत तंतोतंत तसंच सापडतं. सिऱ्हॉसिसमधल्या, कर्करोग नसलेल्या छोट्या गाठींमध्येही पेशींच्या अशा वंशावळी असतात.

आता तुमचे गट ओळीने लावून बघा. हिपॅटायटिसच्या गटात, विशेषतः ई-अँटिजेन (विषाणू जोरात वाढत असल्याची रक्तातली खूण) पॉझिटिव्ह रुग्णांत, आरसीडीएनए भरपूर. सिऱ्हॉसिसपर्यंत तो कमी होतो आणि इंटिग्रेटेडचा वाटा वाढतो. गाठीत बहुतेक इंटिग्रेटेडच उरतो. सीसीसीडीएनएवरचं एकही मेथिलेशन बदललं नाही तरी तुमचा आलेख डावीकडून उजवीकडे सुरेख चढलेला दिसेल. फर्नांडिस, एस्टेलर आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या कामात हिपॅटायटिस बी, पॅपिलोमा आणि एपस्टाइन-बार या तिन्ही विषाणूंवर आजारासोबत मेथिलेशन वाढताना दिसलं. ते निरीक्षण मोलाचंच आहे. पण एकूण डीएनएवरून काढलेला असा चढ ‘सीसीसीडीएनए शांत होतोय’ म्हणून वाचता येत नाही.

म्हणून वेगळं करणं आलं. एकूण डीएनएवर टी५ एक्झोन्यूक्लिएज चालवा. तो सरळ डीएनए खातो आणि चीर पडलेलं वर्तुळही खातो. पीळ असलेलं बंद वर्तुळ तेवढं सोडतो. प्लाझ्मिड-सेफ डीएनएज पुष्कळजण वापरतात, पण चीर असलेल्या वर्तुळावर तो जवळजवळ हतबल आहे, म्हणजे तुमचा आरसीडीएनए बराचसा तसाच राहील. टी५ ची ५ युनिट, ३७ अंशांवर ६० मिनिटं, इथून सुरुवात करा. जास्त एंझाइम किंवा रात्रभर ठेवणं नको, कारण तो हळूहळू सीसीसीडीएनएलाही चिरा पाडतो आणि मग स्वतःच खातो. टी५ उष्णतेने मरत नाही. ईडीटीए घालून थांबवावा लागतो, किमान ११ मिलिमोलर, आणि मग कॉलमवर साफ करायचा. हे साफ करणं टाळलं तर पुढे वर्तुळ कापायला लागणारं रिस्ट्रिक्शन एंझाइम (ठरावीक क्रमावर डीएनए कापणारं) ईडीटीएमुळे कामच करणार नाही.

पचन झालं का, हे दोन जनुकांवर बघा. बीटा-ग्लोबिन हे केंद्रकातलं, ते जवळजवळ नाहीसं व्हायला हवं. क्यूपीसीआरमध्ये (डीएनएचं प्रमाण मोजणारा पीसीआर) दहा सायकलची घसरण, म्हणजे साधारण हजारपट घट, ही माझ्या मते किमान अट. दुसरं मायटोकाँड्रियाचं एखादं जनुक. तो डीएनएही बंद वर्तुळ असल्यामुळे बराचसा टिकायला हवा. तोही गेला तर एंझाइम जास्त झालं, किंवा डीएनए काढतानाच तुटला. बायॉप्सी वितळून पुन्हा गोठवलेली असेल तर हमखास असं दिसतं.

डीएनए काढताना व्होर्टेक्स अजिबात नको, पिपेटचं टोक कापून रुंद करून घ्या. चिरा पडलेला सीसीसीडीएनए टी५ च्या नजरेत आरसीडीएनएच असतो.

घाटवाट

निळी पिपेट यांच्याशी सहमत. टी५ नंतरच्या पायऱ्या मी घेतो, कारण दुसरा मोठा सापळा तिथे आहे आणि पद्धतीच्या वर्णनात तो सहसा सुटतो.

बायसल्फाइट फक्त एकेरी डीएनएवर काम करतं. दुहेरी राहिलेल्या भागातला साधा सायटोसिन बदलत नाही, आणि न बदललेला सायटोसिन तुम्ही मेथिलेटेड म्हणून मोजता. पीळ पडलेलं छोटं बंद वर्तुळ तापवून उघडलं तरी त्याचे दोन धागे एकमेकांत अडकलेलेच राहतात आणि तापमान उतरलं की झटक्यात पुन्हा जुळतात. किटमधल्या ९८ अंशांवर काही वर्तुळांना चिरा पडतात आणि ती सुटतात, सगळी नाही. म्हणजे जो डीएनए तुम्ही एवढ्या कष्टाने वेगळा केलात, तोच खोटं मेथिलेशन दाखवायला सर्वात तयार असतो.

उपाय सोपा आहे. टी५ नंतर, बायसल्फाइटच्या आधी, वर्तुळ एका जागी कापून सरळ करा. इकोआरआय (कापणारं एंझाइम) बहुतेक जीनोटाइपमध्ये एकदाच कापतो आणि विषाणूच्या जीनोममधल्या जागांना आकडे देताना १ हा आकडाच त्याच्या जागेवरून ठरलाय. पण ती जागा नसलेले विषाणूही आहेत, म्हणून आधी त्या रुग्णाच्या विषाणूचा क्रम वाचून घ्या. कापण्याची जागा तुमच्या अँप्लिकॉनच्या (पीसीआरने वाढवायच्या तुकड्याच्या) बाहेर हवी. आणि क्रम उलटा होऊ देऊ नका: आधी कापलंत आणि मग टी५ घातलात तर सीसीसीडीएनए पार संपला.

लॅम्डाचं नियंत्रण इथेच फसवं ठरतं. लॅम्डा सरळ असतो, तो ९९.५ टक्के बदलेल आणि किट उत्तम चालल्याचा दाखला देईल, त्याच नळीतलं वर्तुळ अर्धवट राहिलं असलं तरी. रूपांतर मोजायचं ते प्रत्येक वाचलेल्या क्रमातच: सीपीजीमध्ये नसलेले सगळे सायटोसिन थायमिन झाले का ते बघा. ज्या क्रमात ९८ टक्क्यांपेक्षा कमी बदललेत तो फेकून द्या. न बदललेले सायटोसिन एकाच क्रमात सलग पट्ट्याने दिसले तर तो भाग दुहेरीच राहिला होता, हे पक्कं. लॅम्डा ठेवा (टी५ नंतर टाकून, नाहीतर टी५ तो खाईल), पण सोबत मेथिलेशन नसलेलं, पीळ पडलेलं, वेगळा क्रम असलेलं एक छोटं प्लाझ्मिडही टी५ च्या आधी टाका. ते सगळ्या पायऱ्यांतून तुमच्या नमुन्यासारखंच जाईल.

ते प्लाझ्मिड कुठल्या जिवाणूत वाढवलंय तेही बघा. नेहमीच्या ई. कोलायमधलं डीसीएम एंझाइम सीसीएजीजी आणि सीसीटीजीजी या क्रमांतल्या दुसऱ्या सायटोसिनवर मेथिल चढवतं. मग नियंत्रणातच सीपीजीबाहेरचं ‘मेथिलेशन’ दिसतं आणि आठवडाभर किटवर संशय घेतला जातो. डॅम-डीसीएम नसलेला स्ट्रेन वापरा. शंभर टक्के मेथिलेटेड नियंत्रणासाठी त्याच स्ट्रेनमधून काढलेल्या, विषाणूचा जीनोम असलेल्या दुसऱ्या प्लाझ्मिडवर एम.एसएसएसआय (सीपीजीवर मेथिल चढवणारं एंझाइम) चालवा, १६० मायक्रोमोलर एसएएमसोबत (मेथिल पुरवणारं रसायन). एसएएम लवकर बिघडतं, म्हणून अर्ध्या वेळेत ताजं घाला. एचपीएटूने (मेथिल नसेल तरच कापणारं एंझाइम) कापून बघा, कापला गेला तर मेथिलेशन अपुरं आहे. मग शून्य, २५, ५०, ७५, १०० टक्के अशी मिश्रणं करून प्रत्येक प्रायमर जोडी (पीसीआर कुठून सुरू व्हायचा ते ठरवणारे छोटे डीएनए) तपासा. काही जोड्या ५० च्या जागी २० दाखवतात, कारण मेथिल नसलेला क्रम रूपांतरानंतर एटी-बहुल होतो आणि पीसीआरमध्ये पुढे पळतो. ती जोडी टाकून द्या. गणिताने दुरुस्त करत बसू नका.

प्रायमर २६ ते ३० बेसचे, आत सीपीजी नको, सीपीजीबाहेरचे तीन-चार सायटोसिन मात्र हवेत, म्हणजे न बदललेला डीएनए उचलला जाणार नाही. अँप्लिकॉन १५० ते २५० बेसचा. बायसल्फाइट डीएनएचे तुकडे करतं, ४०० चा आग्रह धरलात तर अर्धे नमुने येणारच नाहीत. पॉलिमरेज (पीसीआरमध्ये डीएनएची नक्कल करणारं एंझाइम) युरॅसिलवर न अडणारा घ्या. पीएफयू जातीचे प्रूफरीडिंग एंझाइम युरॅसिल दिसलं की थांबतात.

आयलंड २ साठी एक युक्ती आहे आणि ती फुकट मिळते. बायसल्फाइटनंतर दोन धागे एकमेकांना पूरक राहत नाहीत, म्हणून प्रत्येक धाग्याचे प्रायमर वेगळे असतात. आरसीडीएनएचा प्लस धागा डीआर२ या जागेपाशी, म्हणजे १५९० च्या आसपास सुरू होतो, वर्तुळभर फिरतो आणि पुन्हा तिथे पोचण्याआधीच अर्धवट सुटतो. आयलंड २ साधारण १०३३ ते १७४९ मध्ये आहे. म्हणजे १०३३ ते १५९० हा पट्टा बहुतेक आरसीडीएनएमध्ये प्लस धाग्यावर नसतोच. प्लस धाग्याचे प्रायमर तिथे बसवलेत तर टी५ मधून निसटलेला आरसीडीएनए आपोआप गळतो. मायनस धागा निवडलात तर तोच तुमच्या माथी येतो.

अनुस्वार

दोघांचे मनापासून आभार. टी५ आणि कापण्याची पायरी आराखड्यात घेतेय. आता भीती वेगळीच वाटते: एवढ्या पायऱ्यांनंतर १० मिलिग्रॅममधून उरणार किती? दहा क्लोन पुरतील का? की सरळ नॅनोपोअरकडे (लांब डीएनए थेट वाचणारी पद्धत) वळावं?

घाटवाट

अंदाज बांधून बघू. १० मिलिग्रॅम यकृतात ढोबळमानाने दहा लाख हिपॅटोसाइट. उपचार चालू असलेल्या ई-निगेटिव्ह रुग्णात दर शंभर पेशींमागे एक सीसीसीडीएनए धरला, तर दहा हजार रेणू. काढताना निम्मे गेले, टी५ आणि कॉलममध्ये पुन्हा निम्मे, बायसल्फाइटनंतर वाढवता येण्याजोगा दहावा हिस्सा उरला: अडीचशे. १० मायक्रोलिटरमधले २ मायक्रोलिटर एका पीसीआरला घातले की पन्नास रेणू. सिऱ्हॉसिसमध्ये तुकड्यातला मोठा भाग तंतुमय असतो, पेशी आणखी कमी, म्हणजे कधीकधी दहासुद्धा नसतील.

आता चाळीस सायकलनंतर घेतलेले दहा क्लोन हे दहा वेगळे रेणू असतीलच असं नाही. दोन-तीन रेणूंच्याच नकला असू शकतात. त्या दोन-तीनांत एक मेथिलेटेड निघाला की नमुना ‘३३ टक्के मेथिलेटेड’ ठरतो. विषाणूत नैसर्गिक फरक पुरेसे नसल्यामुळे नकल कोणती हे क्लोन बघून कळत नाही. यावर इलाज म्हणजे रेणूओळख, यूएमआय. पहिल्या दोन सायकलमध्ये प्रायमरसोबत १० ते १२ यादृच्छिक बेस जोडा, तो प्रायमर धुऊन काढा, मग पुढचा पीसीआर आणि डीप सीक्वेन्सिंग. शेवटी वाचलेल्या क्रमांची संख्या लिहू नका, वेगळ्या रेणूंची लिहा. वीसपेक्षा कमी रेणू असलेला नमुना मी तुलनेत घेणार नाही. आणि आकडेशास्त्रात एकक रुग्ण असतो. पाच रुग्णांचे पन्नास क्लोन म्हणजे एन (नमुनासंख्या) बरोबर पन्नास होत नाही. समीक्षक इथेच पकडतात आणि त्यांचं बरोबर असतं.

नॅनोपोअरची खरी ताकद वेगळी आहे. कॅस९ या एंझाइमने विषाणूच्या जागेवर कापून वाचलं तर ३.२ किलोबेसचा पूर्ण जीनोम एकाच क्रमात येतो, मेथिलेशन थेट कळतं, बायसल्फाइट लागत नाही. शेजारी माणसाचा क्रम लागलेला असला की तो रेणू इंटिग्रेटेड, यात वादाला जागा नाही. पण त्याला मायक्रोग्रॅममध्ये डीएनए लागतो. गाठीच्या शस्त्रक्रियेतून मोठा तुकडा मिळतो, तिथे करा. सुईच्या बायॉप्सीवर हट्ट धरू नका. तिथे एंझाइमने रूपांतर करणारी पद्धत बायसल्फाइटपेक्षा डीएनए कमी तोडते, किंमत जास्त आहे, पण तुमच्या नमुन्यांना ती परवडवावी असं मला वाटतं.

पॅराफिन ब्लॉक (फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेला तुकडा) वापरायचा मोह टाळा. फॉर्मॅलिनमुळे काही मेथिलेटेड सायटोसिन आपोआप थायमिन होतात, आणि तुमच्या मोजणीत ते ‘मेथिलेशन नाही’ म्हणून जमा होतात.

कडुनिंब

रुग्ण बघणाऱ्याच्या बाजूने थोडं. गट जुळवताना नुसता फायब्रोसिसचा (यकृत तंतुमय होण्याचा) टप्पा पुरत नाही. वय, ई-अँटिजेन, रक्तातला विषाणूचा डीएनए, सरफेस अँटिजेनचं (विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनाचं) प्रमाण, जीनोटाइप, आणि टेनोफोविर किंवा एंटेकाविर किती काळ चालू आहे, हे सगळं नोंदवा. सिऱ्हॉसिसचे रुग्ण जवळजवळ सगळे उपचारावर असतात, हिपॅटायटिसचे पुष्कळ नसतात. तुमचा ‘आजाराचा परिणाम’ हा औषधाचा परिणाम निघू शकतो. जमलं तर उपचार सुरू होण्याआधीच्याच बायॉप्सी निवडा, संख्या निम्मी झाली तरी चालेल.

ही औषधं विषाणूची उलटी लिखावट थांबवतात, सीसीसीडीएनएला हात लावत नाहीत. म्हणून रक्तातला डीएनए सापडेनासा झाला तरी सरफेस अँटिजेन वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतो, आणि ई-निगेटिव्ह रुग्णांत तो बऱ्याच अंशी इंटिग्रेटेड डीएनएमधून येत असतो. हा धागा वाचणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी स्पष्ट लिहितो: सरफेस अँटिजेन जात नाही म्हणून गोळी निरुपयोगी समजू नका आणि स्वतःहून बंद करू नका. सिऱ्हॉसिसमध्ये अचानक बंद केली की विषाणू उसळतो आणि यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषध मोफत आहे.

विषाणूचं मेथिलेशन बघून उपचार ठरवायची कुठलीही मान्य तपासणी आज नाही. निर्णय होतो तो विषाणूचा डीएनए, एएलटी (यकृताची इजा दाखवणारं रक्तातलं एंझाइम) आणि फायब्रोसिस यांवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात फायब्रोस्कॅन (यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी) ७ किलोपास्कलच्या वर असेल तर लक्षणीय फायब्रोसिस आणि १२.५ च्या वर सिऱ्हॉसिस धरतात. सिऱ्हॉसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही, डीएनए सापडत नसला तरी.

रक्तावर मेथिलेशन मोजायची कल्पना कुणी सुचवेलच, म्हणून तेही. रक्तातल्या विषाणूकणांत आरसीडीएनए असतो, त्यावर मेथिलेशन अपेक्षितच नाही. प्लाझ्मात विषाणूचा मेथिलेटेड डीएनए सापडला तर तो मरणाऱ्या यकृतपेशींमधून आलाय. कर्करोगाची खूण म्हणून त्याचा अभ्यास जरूर करावा, सीसीसीडीएनएची स्थिती त्यातून कळणार नाही.

निळी पिपेट

मूळ प्रश्नाचा एक भाग राहिला: दिसलेलं खरं मानावं का. विवेकानंदन, टॉर्बेन्सन यांच्या गटाने २००८ मध्ये यकृतातल्या विषाणूवर मेथिलेशन दाखवलं, आणि पुढे पेशींमध्ये मेथिलेटेड जीनोम घालून प्रथिनं कमी बनतात हेही दाखवलं. म्हणजे मेथिलेशन चढलं तर विषाणू शांत होतो, हे नीट सिद्ध झालेलं आहे. यकृत खराब होण्यामागे तेच कारण आहे, हे त्यातून निघत नाही. उलट दिशाही तितकीच शक्य आहे: प्रतिकारशक्तीने विषाणूचं लिप्यंतर (डीएनएवरून आरएनए बनणं) आधी बंद पाडलं, हिस्टोनवरचे अ‍ॅसिटिल (जनुकं चालू ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) गेले, आणि मग मोकळ्या पडलेल्या डीएनएवर मेथिलेशन बसलं.

म्हणून एकटं मेथिलेशन मोजू नका. पोलिचिनो आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्येच दाखवलं की सीसीसीडीएनएवरच्या एच३ आणि एच४ या हिस्टोनांचं अ‍ॅसिटिलेशन विषाणूच्या वाढीसोबत वरखाली होतं. २०१६ मध्ये कळलं की विषाणूचं एक्स प्रथिन पेशीतलं एसएमसी५/६ हे संकुल मोडून काढतं, नाहीतर ते सीसीसीडीएनएला गप्प करतं. तुमच्या १० मिलिग्रॅमवर हिस्टोनचा सीएचआयपी (डीएनएवर कोणत्या खुणांचे हिस्टोन बसलेत ते मोजणारी पद्धत) होणार नाही, त्याचा नाद सोडा. त्याऐवजी त्याच तुकड्यातून आरएनए काढा. डीएनए आणि आरएनए दोन्ही देणारं कॉलम किट मिळतं, फक्त त्यातला सीसीसीडीएनए टिकतो का हे आधी पेशींवर, उदाहरणार्थ हेपएडी३८ या प्रयोगशाळेतल्या यकृतपेशींवर, तपासून घ्या. प्रीजीनोमिक आरएनए (विषाणूच्या पूर्ण जीनोमचा आरएनए) भागिले सीसीसीडीएनए हा आकडा लिप्यंतर किती चाललंय ते सांगतो. आयलंड २ वरचं मेथिलेशन त्या आकड्याशी उलट जुळलं, आणि ते जुळणं प्रत्येक गटाच्या आतही दिसलं, तर तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. फक्त गटागटांत फरक दिसला आणि गटाच्या आत काहीच नाही, तर पेशींची सरमिसळ बदललीय असंच मी धरेन.

मेथिलेशन मुद्दाम चढवून विषाणू गप्प करायचे प्रयत्न आता माणसांवरच्या चाचणीपर्यंत आलेत, म्हणून सीसीसीडीएनए आणि इंटिग्रेटेड यांचे आकडे वेगवेगळे मिळणं आज फार गरजेचं झालंय. तेव्हा प्रत्येक नमुन्याचा डीएनए दोन भागांत वाटा: एक टी५ घालून, एक न घालता. दोन्ही पुढे तशाच पायऱ्यांतून न्या. सगळ्यात आधी एका शस्त्रक्रियेतल्या मोठ्या तुकड्यावर पूर्ण क्रम चालवून बघा, बीटा-ग्लोबिनची घसरण दहा सायकल आली की मगच बायॉप्सीची पहिली कुपी उघडा.